पोचली की सांगजो

घरातून बाहेर पडताना 'जातो' म्हणायचं नसतं, 'येतो' म्हणायचं, हे आपल्या मराठी घरांत शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. कानडीत तरी काय वेगळं आहे? आमच्या सासूबाई उंबऱ्यात उभ्या राहून 'होगि बा' म्हणायच्या आणि जाणारा 'बर्तीनि' म्हणत पायऱ्या उतरायचा. त्यानंतरचं वाक्यही दोन्हीकडे ठरलेलं. सासूबाईंचं, 'मनी मुट्टिद म्याल फोन माड.' आणि माझ्या माहेरी आईचं, 'पोचली की सांगजो बाई.'

माझं माहेर सौंसरचं, हे या सदराच्या जुन्या वाचकांना माहीत आहे. नव्यांसाठी पुन्हा सांगते. नागपूरहून सावनेरमार्गे छिंदवाड्याकडे निघालं की मध्य प्रदेशात शिरल्यावर लागतं ते सौंसर. सावनेरहूनच दुसऱ्या रस्त्यानं बैतुलकडे वळलं की लागतं ते पांढुर्णा. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली. त्या दिवशी बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं. त्याच दिवशी नागपूर मुंबई राज्यात आलं आणि सौंसर-पांढुर्णा मध्य प्रदेशातच राहिलं. म्हणजे माझं माहेर आणि सासर एकाच तारखेला सीमेवरचं झालं! तिकडे शाळा हिंदी, कचेरी हिंदी. घरात, शेतात आणि भांडणात मात्र मराठी. आपल्याकडच्या वाचकांना हे समजावून सांगायला नको. २०२३ साली पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला आणि सौंसर त्यात गेलं. माझी मोठी बहीण पांढुर्ण्यात दिलेली, आणि दादा सौंसरच्या जुन्या घरात.

यंदा पोळ्याला माहेरी गेले. अंगणात पाय ठेवला तर गच्चीवर उंच पाइप आणि त्याच्या टोकाला काठीसारखी एरियल. मला वाटलं, दादानं पुन्हा जुना टीव्ही काढला की काय! वहिनी म्हणाली, "काही नाही हो ताई, तुमच्या भाच्याचं खूळ."

भाचा नागपूरला इंजिनिअरिंग शिकून आला आहे. त्यानं केंद्र सरकारच्या दूरसंचार खात्याची परीक्षा देऊन हौशी रेडिओचा परवाना मिळवला. यालाच 'हॅम रेडिओ' म्हणतात. बारा वर्षं पुरी झालेल्या कुणालाही ही परीक्षा देता येते. पास झालं की 'व्हीयू' या अक्षरांनी सुरू होणारं एक चिन्ह मिळतं. जगभरचे हॅम तुम्हाला त्या चिन्हानं ओळखतात. आपले माजी पंतप्रधान राजीव गांधीही हॅम होते, त्यांचं चिन्ह 'व्हीयू२आरजी'.

पण घरात पोळ्याचा आनंद काही दिसेना. पुरणपोळ्या झाल्या, बैलांना ओवाळलं, तरी दादाचं तोंड उतरलेलंच. अंगणात ट्रक उभा होता आणि त्याच्या टपावर धूळ साचली होती. दरवर्षी पोळ्याच्या दिवशी आमच्या पंगतीला हटकून असणारे भाऊ दिसले नाहीत. भाऊ म्हणजे आमचे ड्रायव्हर. बावीस वर्षं त्यांनी दादाची संत्री नागपूरला आणि छिंदवाड्याला पोचवली. वहिनीनं डोळ्यानंच मला 'विचारू नका' म्हणून खुणावलं. रात्री भांडी आवरताना मात्र तिनंच सगळं सांगितलं.

मृग बहाराच्या संत्र्यांच्या वेळची गोष्ट. त्याआधी एकदोन खेपांना उशीर झाला होता. कुणीतरी दादाच्या कानात काहीबाही भरवलं. दादानं बाजारातून जागा सांगणारा एक डबा आणला आणि भाऊंना न सांगता ट्रकात बसवला. त्यात मोबाइलसारखं सिमकार्ड असतं. ट्रक कुठं आहे ते मालकाला फोनवर ठिपक्यानं दिसतं. मग एका रात्री भाऊ माल घेऊन छिंदवाड्याला निघाले. वाटेत सातपुड्याचा घाट लागतो. घाटाच्या अलीकडे एका ढाब्यापाशी ठिपका जो थांबला, तो दोन तास हललाच नाही. फोनही लागेना. भाऊ सकाळी परतले तेव्हा दादानं अंगणातच विचारलं, "ढाब्यावर दोन तास काय करून राहिला होतास?" भाऊ काही बोलले नाहीत. चार दिवसांनी ट्रक गॅरेजात गेला. तिथे मेकॅनिकला सीटखाली तो डबा सापडला. संध्याकाळी भाऊंनी ट्रकची किल्ली आमच्या ओट्यावर ठेवली आणि घरी गेले. ते आलेच नाहीत. आता आंबिया बहार तोंडावर आलेला आणि गाडी चालवायला भरवशाचा माणूस नाही.

दुसऱ्या दिवशी मला बहिणीकडे पांढुर्ण्याला जायचं होतं. भाचा म्हणाला, "आत्या, मी सोडतो. माझा रेडिओ गाडीत कसा चालतो तेही पाहू."

गाडीत बसण्याआधी त्यानं मला सगळा संसार दाखवला. आकाशातल्या उपग्रहांकडून आपली जागा ओळखणारा जीपीएसचा छोटा तुकडा, काडेपेटीएवढा संगणक आणि हातात मावेल असा रेडिओ. गाडीच्या टपावर लोहचुंबकानं चिकटवलेली एरियल. गाडी कुठं आहे, किती वेगानं कुठल्या दिशेला चालली आहे, एवढी माहिती एका छोट्या चिठ्ठीत बसते. तो छोटा संगणक त्या चिठ्ठीचे आवाज करतो आणि रेडिओ ते हवेत सोडतो. त्यानं मला आवाज ऐकवला. फॅक्स लावताना ऐकू यायचं तसं एक 'किर्रर्र', सेकंदभराचंही नाही. गच्चीवरची एरियल ते पकडते आणि घरातल्या संगणकावर नकाशात गाडीचं इवलंसं चित्र सरकतं. मोबाइल नाही, सिमकार्ड नाही, महिन्याचं बिलही नाही. एवढंसं गाठोडं म्हणून त्याला 'पॅकेट' म्हणतात, आणि या साऱ्या पद्धतीला 'एपीआरएस'.

ती बसवली बॉब ब्रुनिंगा या अमेरिकन हॅमनं. तिथल्या नौदलाच्या अकादमीत ते काम करत. १९८२ साली त्यांनी जहाजांच्या जागा संगणकाच्या नकाशावर मांडायला सुरुवात केली. १९८४ साली त्यांनी हीच कल्पना शंभर मैलांच्या घोड्यांच्या शर्यतीत वापरली. कुठला घोडा कुठं पोचला हे हॅम मंडळी रेडिओवरून कळवत आणि ते घरगुती संगणकावर दिसे. १९९० नंतर जीपीएस लोकांच्या हाती आलं आणि १९९२ पासून ही पद्धत एपीआरएस या नावानं रुळू लागली. मे २००० मध्ये अमेरिकेनं सामान्य लोकांच्या जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली आणि ठिपका रस्त्यावर नीट बसू लागला. ब्रुनिंगा २०२२ साली गेले. त्यांच्या पद्धतीत नकाशावर दाखवायला मोटार, ट्रक, घर अशी चित्रं ठरलेली आहेत. घोडाही आहे. पोळ्याचा बैल मात्र मला सापडला नाही!

मी विचारलं, "एवढ्याशा रेडिओचा आवाज जाईल तरी किती लांब?"

"तेच पाहायचं आहे, आत्या. वाटेत डोंगर आला की संपलं. मोठ्या शहरांत हॅम मंडळी उंच जागी मधली ठाणी उभारतात. एकाचं ऐकायचं आणि पुढं सांगायचं. इंटरनेटला जोडलेलं ठाणं असलं तर तुम्हाला बेळगावात बसून माझी गाडी दिसेल. आपल्या भागात तसं ठाणं नाही. आपला घरचाच कान."

त्यानं मग वर बोट दाखवलं. तिथंही अशी ठाणी असतात म्हणे. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर हौशी रेडिओ आहे आणि तो खालून आलेलं पॅकेट ऐकून पुन्हा पृथ्वीवर पाठवतो. १ एप्रिल २०१९ ला इस्रोनं पीएसएलव्ही-सी४५ सोडलं. त्याचा शेवटचा टप्पा एरवी अवकाशात कचरा म्हणून फिरत राहिला असता. या वेळी त्याच्यावरच काही उपकरणं बसवली होती, आणि त्यातलं एक एपीआरएसचं होतं. ते दिलं होतं ॲमसॅट इंडिया या आपल्या हॅम मंडळींच्या संस्थेनं. पुण्याच्या सीओईपी कॉलेजच्या मुलांनी बनवलेला एक किलोहूनही हलका 'स्वयम्' उपग्रह २०१६ साली वर गेला. तोही हौशी रेडिओवरून निरोप पोचवण्यासाठीच होता. मला गंमत वाटली. 'पोचलो' एवढंच सांगायला माणसानं अवकाशापर्यंत दोरी बांधली!

निघताना भाच्यानं दादाला संगणकासमोर बसवलं. "बाबा, आम्ही दिसू तोवर पाहा."

आम्ही निघालो. रेडिओ मधूनमधून किर्र करायचा. सरळ रस्त्यावर बराच वेळ गप्प, आणि वळण आलं की लगेच बोलायचा. मी म्हटलं, "हा वळणावरच का ओरडतो रे?" भाचा हसला. ती सोय मुद्दाम केलेली असते. सरळ जाणारा माणूस कुठं असेल ते मागच्या ठिपक्यावरून ताडता येतं. वळला की ताडता येत नाही, म्हणून तेव्हा हमखास सांगायचं. मला आईची आठवण आली. हॉस्टेलला होते तेव्हा ती रोजच्या रोज फोन मागत नसे. पण 'काही बदललं तर आधी घरी सांगजो,' हे तिचं पक्कं होतं.

तो गोटमारीचा दिवस होता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामध्ये जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवतात, त्यावर झेंडा लावतात आणि दोन्ही काठांवरून दगड सुरू होतात. दरवर्षी कितीतरी माणसं रक्तबंबाळ होतात. जीवही गेले आहेत. मी लहानपणापासून त्या दिवशी बहिणीच्या घराची नदीकडची खिडकी बंदच पाहिली आहे. गावात शिरताना रस्ते अडवलेले, रुग्णवाहिका रांगेत उभ्या, आणि माणसांचा पूर. फोन लावावा तर लागेना. भाचा त्या रुग्णवाहिकांकडे बघत म्हणाला, "आत्या, यातली कुठली रिकामी आहे, कुठली अडकली आहे, हे एका नकाशावर दिसलं तर किती बरं होईल! या कामाला रेडिओ खरा."

ते खोटं नाही. ३० सप्टेंबर १९९३ ला लातूर-उस्मानाबादकडे भूकंप झाला, २००१ मध्ये भूज हादरलं, तेव्हा तारा-टेलिफोन गेलेल्या गावांतून हॅम मंडळींनी निरोप पोचवले. २००४ च्या त्सुनामीच्या वेळी अंदमानात हॅमचं एक पथक योगायोगानं आधीच जाऊन बसलं होतं. बेटांवरचे निरोप त्यांच्या रेडिओवरून बाहेर आले. बंगालमध्ये गंगासागरच्या यात्रेत हरवलेली म्हातारी माणसं घरच्यांना शोधून देण्याचं काम हॅम मंडळी कैक वर्षं करत आली आहेत. आणि हे सगळं फुकट, हौसेपोटी.

बहिणीकडे पोचलो. चहा झाला, गप्पा झाल्या. तासाभरानं भाच्याचा फोन वाजला. दादा. त्याचा आवाज चिरलेला होता. "कुठी आहे रे तुम्ही? दहा खेपा फोन लावला! बराच वेळ झाला, तुमचा ठिपका ढाब्यापाशी थांबला आहे. गाडी बंद पडली का? काही झालं का?"

"बाबा, आम्ही केव्हाचेच मोठ्या आत्याकडे पोचलो. चहा पण झाला."

"मग ढाब्यावर काय करून राहिले होते?"

"ढाब्यावर थांबलोच नाही न बाबा. तिथपर्यंत आपल्या एरियलला ऐकू आलं. पुढं चढ आड आला. ठिपका म्हणजे मी नाही. मी शेवटचा जिथून ऐकू आलो ती जागा आहे ती. शेजारी वेळ लिहिली आहे, ते पाहा न."

पलीकडून बराच वेळ आवाज नाही. मला वाटलं लाइन तुटली. मग दादा म्हणाला, "बरं. जेवून या." आणि फोन ठेवला.

संध्याकाळी परतलो तर दादा ओट्यावर बसलेला. भाच्याला म्हणाला, "हेच तुझं यंत्र ट्रकात लावून दे न. बिल नाही, काही नाही."

भाचा म्हणाला, "नाही लावता येत, बाबा. हौशी रेडिओवर धंद्याचं काम करायचं नाही, असा नियमच आहे. परवाना नसलेल्यानं तो चालवायचाही नाही. आणि इथं काही लपवूनही बोलता येत नाही, कुणालाही ऐकू येईल असंच बोलायचं. माझी गाडी कुठं आहे ते मी माझ्या मर्जीनं सांगतो, रेडिओ बंद केला की सांगणं बंद. तुमच्या डब्यात तसं नव्हतं."

भाचा चढ्या आवाजात बोलला नाही, पण दादाला ते लागलं. मी मध्ये पडणार होते, तेवढ्यात वहिनीनं माझा हात दाबला.

आता डबा वाईटच असतो असं मी म्हणत नाही. २०१९ पासून नव्या प्रवासी वाहनांना जागा सांगणारं यंत्र आणि संकटात दाबायचं बटण लावावं, असा सरकारी नियम झाला. रात्री एकटीनं प्रवास करणाऱ्या बाईला त्याचा आधारच आहे. ट्रक चोरीला गेला तर मालक काय करणार? पण त्या बसमध्ये चालकाला ठाऊक असतं, प्रवाशाला ठाऊक असतं. आमच्या ट्रकात ते फक्त दादाला ठाऊक होतं.

सकाळी दादा मला म्हणाला, "चल माझ्यासोबत." भाऊंचं गाव जवळच आहे. पोळ्याची तोरणं अजून दारावर होती. भाऊ बैलाला पाणी पाजत होते. दादाला पाहून त्यांनी बादली खाली ठेवली, घरात जाऊन दोन खुर्च्या आणल्या. भाऊंच्या बायकोनं मला आत बोलावलं, पण मी दारातच थांबले.

दादाला भूमिका बांधून बोलता येत नाही. तो एकदम म्हणाला, "त्या रातीले तू ढाब्यावर नव्हता."

भाऊ म्हणाले, "नव्हतो."

"मग सांगतलं काहून नाही?"

"तुम्ही इचारलं कुठी? तुम्हीच मले सांगून राहिले होते."

घाटात एका वळणावर मोटारसायकल पडली होती. नवरा-बायको आणि लहान मूल. भाऊंनी त्यांना ट्रकात घेऊन छिंदवाड्याच्या दवाखान्यात नेलं, पोराचे मामा येईपर्यंत तिथं बसले आणि मग माल उतरवायला गेले. घाटात मोबाइलला रेंज नाही. डब्यातल्या सिमलाही नव्हती. म्हणून ठिपका मागे राहिला आणि माणूस पुढं गेला. एवढीच गोष्ट. पण बावीस वर्षांचं नातं त्या ठिपक्यापाशी अडकून पडलं.

दादा म्हणाला, "डबा काढून टाकतो."

भाऊंनी मान हलवली. "राहू द्या. गाडी तुमची आहे, माल तुमचा आहे. रातीबेराती माझं काही झालं तर घरच्याले तरी कळन. पण मले माहीत असू द्या. अन् मलेही दिसू द्या, तुम्हाले काय दिसते ते."

किल्ली त्यांनी त्या दिवशी घेतली नाही. "सांगतो," एवढंच म्हणाले. निघताना त्यांच्या बायकोनं मला कुंकू लावलं आणि डब्यात घरची पुरणपोळी दिली. चार दिवसांनी मी नागपूरला निघाले तेव्हा अंगणातला ट्रक धुतलेला होता. कुणी धुतला ते मी विचारलं नाही.

बेळगावला येऊन मी हे लिहिते आहे. माझी लेक बेंगळुरूला नोकरी करते. तिच्या फोनवरून तिचा ठिपका मला दिसतो. ती सोय तिच्या बाबांनी करून घेतली आहे. रात्री नऊनंतर तो ठिपका घराबाहेर दिसला की मी बेचैन होते, आणि फोन उचलताच माझं पहिलं वाक्य असतं, "इतक्या रात्री तिथं काय करत होतीस?" परवा मी ते वाक्य गिळलं. म्हटलं, "एल्लिद्दी, पुट्टी? जेवलीस का?" ती म्हणाली, "आई, ऑफिसातच आहे ग. फोन टेबलावर ठेवून खाली कॅन्टीनला गेले होते. आज काय, चौकशी नाही?" आणि मग अर्धा तास आपणहून बोलत बसली. ऑफिसातलं एक वळण तिच्या मनात महिनाभर घोळत होतं. ते मला नकाशावर कधीच दिसलं नसतं.

तुमच्याही घरात असे ठिपके असतील. मुलांचे, सुनेचे, गाडीवर गेलेल्या नवऱ्याचे. ते पाहू नका असं मी कशी म्हणू? मीही पाहतेच. फक्त ज्याचा ठिपका आहे त्याला ते माहीत आहे ना, एवढं एकदा विचारा. आणि ठिपका थांबलेला दिसला तर आधी शेजारची वेळ बघा, मग फोन लावा, आणि पहिल्या वाक्यात प्रश्न विचारा, निकाल देऊ नका.

नागपूरच्या गाडीत बसताना दादा खिडकीशी आला होता. आई गेल्यापासून ते वाक्य मला कुणी म्हटलं नव्हतं. तो म्हणाला, "पोचली की सांगजो."

घरात पाऊल ठेवल्याबरोबर, चपला काढायच्या आधी, मी फोन लावला.